चाके वळविणाऱ्या दांड्यांची हयगय

खेड्यापाड्यांतून मोटारगाडीचा उपयोग वाढत चालला आहे आणि तो इष्टच आहे. परंतु गाडी घेताना शेतकरी तिच्या इंजिनाची चौकशी जितक्या आस्थेने करतो, तितक्या आस्थेने तो तिच्या पोटाखाली वाकून पाहत नाही. इंजिन बंद पडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते. खोळंबा होतो, खर्च होतो, पण माणूस सुखरूप घरी पोहोचतो. पुढची चाके वळविणारी एखादी दांडी निखळली, तर मात्र चालकाच्या हातात केवळ एक गोल चक्र उरते आणि गाडी स्वतःच्या मर्जीने जाते. घाटातील उतारावर किंवा विहिरीच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. असे असूनही गाडीच्या सर्व भागांत याच भागाची हयगय अधिक होते. नवल असे की, ज्यांना या भागाची काळजी वाटते, तेही पुष्कळदा चुकीचा उपाय करतात. ते दांडी जाड करून घेतात.

आडवाटेने जाणाऱ्या मोटारीची ओळख ग्रामीण महाराष्ट्राला प्रथम झाली ती जीपच्या रूपाने. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा लोकांच्या हाती आल्या. पुढे १९४९ मध्ये महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने मुंबईत माझगाव येथे अमेरिकेतील विलीस जीपचे सुटे भाग आणवून त्यांची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला आणि गटाच्या कचेरीसमोर उभी असलेली जीप ही त्या योजनेची खूणच होऊन बसली. बियाणे, खत, फवारणीचे पंप, पशुवैद्य, पाहुणे असे सर्व काही त्या एका गाडीने वाहिले. ती गाडी जेथे जुळविली जात होती, त्या माझगावाच्या शेजारीच लालबाग-परळचे गिरणगाव होते. तेथील कापडगिरण्यांत साच्यांना व मागांना तेल देण्यासाठी स्वतंत्र कामगार नेमलेला असे. कोरड्या पडलेल्या एका बेअरिंगपायी माग थांबला तर किती कापड बुडते, हा हिशेब गिरणीला पक्का ठाऊक होता. गटाच्या जीपला असा तेलवाला क्वचितच लाभला. ती धुतली जाई, रंगविली जाई, राष्ट्रीय सणाला तिला हारही घातला जाई. पण तिच्या पुढच्या आसाजवळील सांध्यांना ग्रीस मिळेलच असे नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. तो हिशेब मात्र बंद झालेला नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या शासकीय गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही; त्यामुळे कचेऱ्यांतील जुन्या जीपा गेल्या. परंतु शेतकऱ्याच्या स्वतःच्या दारी आता जीपवजा गाडी किंवा माल वाहणारी लहान पिकअप आली आहे. रात्री शेतातून निघून पहाटे दादरच्या फूलबाजारात पोहोचणारी गाडी दिवसा बांधावरून खताच्या गोणी वाहते. उलट दिशेने, भाद्रपद लागला की गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील चाकरमानी आपापल्या गाड्या घेऊन कोकणात उतरतात. वर्षभर डांबरी व सिमेंटच्या रस्त्यावर फिरलेली गाडी महामार्ग सोडते आणि वाडीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या उखडलेल्या वाटेला लागते. शहरात राहणाऱ्या गाडीला ही वाट अपरिचित असते आणि गावात राहणाऱ्या गाडीला शहरातील पाण्याखालचा रस्ता अपरिचित असतो. दुखापत दोन्हीकडे एकाच अवयवाला होते.

तो अवयव समजून घेणे कठीण नाही. जुन्या विलीस जीपमध्ये चालकाने चक्र फिरविले की ती गती स्टिअरिंगच्या पेटीत जाते. पेटीतून बाहेर आलेला पिटमन आर्म पुढेमागे हलतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ही हालचाल बेल क्रँक नावाच्या कोनाकार तुकड्याकडे नेते आणि तेथून निघालेल्या दोन टाय रॉड डाव्या व उजव्या चाकांना वळवितात. इतर अनेक गाड्यांत बेल क्रँक नसतो आणि दोन्ही चाकांना जोडणारी एकच लांब टाय रॉड असते. प्रत्येक सांध्यात वाटीत बसविलेली गोळी असते, तिच्याभोवती ग्रीस असते आणि चिखल आत जाऊ नये म्हणून वर रबराची टोपी असते. आजच्या पुष्कळ गाड्यांत पेटीऐवजी दातेरी पट्टी असते. तिला रॅक म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना घड्या असलेली रबरी पिशवी चढविलेली असते. रचना निराळी असली तरी गोष्ट एकच आहे. हे सर्व भाग जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पुढच्या चाकांच्या ओळीत, उघड्यावर असतात. काही गाड्यांत टाय रॉड आसाच्या मागे असते. तेथे आस तिची थोडीफार पाठराखण करतो. जेथे ती आसाच्या पुढे असते, तेथे वाटेवरील दगडाची पहिली भेट तिच्याशीच होते.

बैलगाडीच्या वाटेवर हा धोका विशेष असतो. चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. मोटारीची दोन्ही चाके चाकोरीत घातली की आस आणि दांड्या त्या उंचवट्यावरून घासत जातात. त्यात लपलेला एखादा दगड दांडी वाकविण्यास पुरेसा होतो. अशा ठिकाणी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे चाकोरीच्या बाहेर ठेवून चालावे. वाटेत दगड आला तर तो दोन चाकांच्या मध्ये घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. दगड लहान असेल तर ठीक. पण उंचीविषयी शंका असेल तेथे चाकच सावकाश त्यावर चढवावे. टायर दगड सोसण्यासाठी केलेला आहे, दांडी तशी नाही. खाली उतरून वाट पाहण्यात कमीपणा मानू नये. चक्र धरताना अंगठे आतील आऱ्यांत अडकवू नयेत. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाडीत चाक दगडावर आपटले की चक्र एकदम उलट फिरते आणि अंगठा मोडतो. चाक दगडाला किंवा खाचेच्या भिंतीला टेकून अडकले असता जोर करून चक्र फिरविणे हेही दांड्यांच्या मुळावर येते. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत तर चालकाच्या हाताला हा जोर जाणवतच नाही. तो सारा सांध्यांना सोसावा लागतो. आधी गाडी थोडी मागे घ्यावी आणि मग चाक वळवावे.

शहरातील धोका याहून फसवा आहे. दादर आणि परळ यांच्या मधील हिंदमाता परिसर सखल असल्यामुळे मोठ्या पावसात पाणी साचण्याबद्दल पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईची झालेली दैना सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर उदंचन केंद्रे झाली आणि हिंदमाता परिसरातील पाण्यासाठी भूमिगत साठवण टाक्याही झाल्या. तथापि मोठ्या पावसात सखल रस्त्यांवर पाणी येणे अद्याप संपलेले नाही. पाण्याखालचा खड्डा, पदपथाची कड, दुभाजकाचे टोक किंवा उचकटलेले झाकण दिसत नाही. शेतातील दगड डोळ्यांना दिसतो म्हणून चालक सावध असतो. येथे समोर सपाट पाणी पाहून तो पहाटेच्या बाजाराची वेळ गाठण्याच्या घाईत असतो. फुलांच्या किंवा पालेभाजीच्या गाडीचे चाक अशा कडेवर आपटले आणि टाय रॉडचे टोक निखळले, तर त्या दिवसाचा माल गेलाच. शिवाय रहदारीत चाक एका बाजूस वळून बसलेली गाडी हलविणे हे वेगळेच संकट. पुढे चाललेल्या गाडीची चाके किती बुडतात हे पाहून मगच त्या पाण्यात शिरावे, आणि शिरल्यावर पायी चालण्याच्या वेगाने जावे.

परंतु दगड आणि पाणी यांपेक्षा अधिक नुकसान माणसाच्या मदतीने होते, हे लिहिणे भाग आहे. चिखलात रुतलेली गाडी ओढण्यासाठी ट्रॅक्टर येतो, साखळी येते, दहा माणसे गोळा होतात आणि जो सर्वांत आधी वाकतो तो हाताला लागेल त्या लोखंडाला साखळी अडकवितो. गाडीच्या पुढील बाजूस हाताला सहज लागणारे लोखंड पुष्कळदा टाय रॉड हेच असते. ट्रॅक्टरने झटका दिला की गाडी निघते, लोक टाळ्या वाजवितात आणि दांडी धनुष्यासारखी झालेली कोणाच्याच ध्यानात येत नाही. गाडीच्या सांगाड्याला पुढे व मागे ओढण्यासाठी हूक किंवा कडी दिलेली असते. नव्या गाड्यांत ती काढून ठेवलेली असते आणि बंपरच्या आत आट्यांत बसवावी लागते. ती कोठे आहे हे चालकाने गाडी रुतण्यापूर्वी शोधून ठेवावे. आसाभोवती साखळी गुंडाळण्याचाही प्रघात आहे. त्यात साखळी ताणताच सरकते आणि आसालगतची दांडी चेपते. जॅकच्या बाबतीत हीच चूक घडते. पंक्चर काढण्याच्या गडबडीत जॅक दांडीखाली लावला जातो. ज्या गावात असे एकदा झाले असेल तेथे लोकांना बोलणी न लावता दुसऱ्या दिवशी गाडी उंच ठिकाणी उभी करून कडी कोठे आहे, दांडी कोठे आहे आणि जॅक लावण्याची जागा कोणती, हे ग्रामसेवकाने दाखवून द्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

आता जाड दांडीविषयी. शहरातील काही गॅरेजांत आणि त्यांचे पाहून तालुक्याच्या गावीही मूळ टाय रॉड काढून तिच्या जागी भक्कम नळीची दांडी बसवून देतात. सोबत मोठे टायर, बाहेर काढलेली चाके आणि उंच केलेल्या स्प्रिंगा येतात. गाडी रुबाबदार दिसते. पण दगडाचा आघात नाहीसा होत नाही. तो फक्त पुढे सरकतो. पूर्वी जो आघात दांडी वाकून पचवीत असे, तो आता सांध्यातील गोळीवर, चाकाच्या नकलवर, पिटमन आर्मवर किंवा पेटीच्या बोल्टांवर जातो. वाकलेली दांडी डोळ्यांना दिसते, ती बदलता येते आणि या सर्व भागांत तीच पुष्कळदा स्वस्त असते. पेटीच्या आतील तडा किंवा आर्मला गेलेली केसाएवढी चीर मात्र दिसत नाही. ती मोडते तेव्हाच कळते. मोठ्या टायरमुळे आणि बाहेर काढलेल्या चाकांमुळे दांड्यांवरील ओढ वाढते. स्प्रिंगा उंच केल्या की ड्रॅग लिंकचा उतार वाढतो आणि खड्ड्यातून जाताना चालकाने हात न हलविताही गाडी बाजूला वळते. घाटात असे होणे ही गंमत नव्हे. कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत मनाजोगे फेरफार करण्यास बंदी आहे. पर्वतावर शर्यती करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते एक भाग भक्कम करताना पुढचे सर्व भाग त्याच्या तोलाचे बसवितात आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी उकलून पाहतात. शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. त्याने मूळ मापाची, विश्वासू बनावटीची दांडी वापरावी आणि तिला आघात होणार नाही असे वागावे.

खालून बसविण्याच्या पत्र्याच्या ढालीस हरकत नाही, किंबहुना दगडाळ भागात ती उपयोगी ठरते. मात्र ती सांगाड्याला बांधलेली असावी, दांड्यांना किंवा आसाच्या हलत्या भागाला नव्हे. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली असताना दांडी ढालीवर आपटणार नाही एवढे अंतर मध्ये असावे. पत्र्याला भोके असावीत, म्हणजे चिखल व पाणी साठणार नाही. ग्रीस भरण्यासाठी ती सहज काढता यावी. उसाच्या आणि गवताच्या प्रदेशात एक गोष्ट विसरू नये. ढालीवर वाळलेले पाचट साचते आणि तापलेल्या सायलेन्सरच्या नळीशी आले की पेट घेते. तोडणीच्या दिवसांत ढाल रोज हात घालून साफ करावी. गाडीच्या तोंडावर बसविण्याच्या नळ्यांच्या जाळीला मात्र ढाल समजू नये. तिचा दांड्यांना काडीचा उपयोग नाही, ती पादचाऱ्यांना घातक आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तिच्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले आहे.

दांडी वाकलीच तर काय करावे? गावात लोहाराची भट्टी असते, वेल्डिंगचे दुकान असते आणि नव्या दांडीसाठी तालुक्याला जावे लागते. त्यामुळे तापवून सरळ करून घेण्याकडे मनाचा कल होतो. नांगराच्या फाळाला जे चालते ते येथे चालत नाही. पोलादाला दिलेले पाणी भट्टीत उतरते आणि जोडाच्या कडेने ते ठिसूळ होते. सांध्यातील ग्रीस व आतील अस्तर जळते ते निराळेच. रानात अडकले असता वाकलेल्या दांडीला पहार किंवा लोखंडी कोन तारेने घट्ट आवळून बांधावा आणि गाडी पायी चालीने, माल उतरवून, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. तेथे दांडी बदलूनच घ्यावी. पिटमन आर्म किंवा नकल वाकली असेल तर गाडी चालवूच नये, उचलून न्यावी.

या सर्वांहून महत्त्वाचे आहे ते नित्याचे निरीक्षण. परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला पशुवैद्य लंगडणाऱ्या बैलाला पाहावयास आला की प्रथम त्याला चालवून पाहतो, मग खूर हातात घेतो, मग सांधा हलवितो. गाडीचेही तसेच आहे. सरळ सपाट रस्त्यावर हात किंचित सैल सोडला असता ती एका बाजूस ओढते काय, सरळ जाताना चक्र तिरपे राहते काय, वळणानंतर चक्र आपोआप परत येते काय, हे आधी पाहावे. चाकांच्या आतील बाजूस वाळलेला चिखल असला तरी चक्र थरथरते. म्हणून तो आधी काढावा आणि मग दोष शोधावा. नंतर मागील चाकांना दगडाची उटी लावून, हँडब्रेक ओढून, एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूस बसून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. चक्र हलले, पण पुढची दांडी क्षणभर थांबून मग हलली, तर मधला सांधा झिजला आहे. चाक भक्कम आधारावर उचलून दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलविले असता खेळ जाणवला तर बहुधा दोष टाय रॉडच्या टोकात असतो. वर-खाली धरून हलविले असता जाणवला तर किंग पिन, बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. टायरची एकच कड खात असेल तर दांडी वाकली असल्याचा संशय घ्यावा. दोरी किंवा टेप घेऊन दोन्ही टायरांमधील अंतर आसाच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजले तर खात्री होते. पूर्वीच्या मापापेक्षा फरक दिसला की गाडी गॅरेजला न्यावी. त्यासाठी पूर्वीचे माप वहीत लिहिलेले पाहिजे, आणि ते क्वचितच असते.

नदी किंवा साचलेले पाणी ओलांडल्यावर ग्रीस निपल असलेल्या सांध्यांत जुने, मळके ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. निपल नसलेल्या बंद सांध्यांची रबरी टोपी फाटलेली नाही ना, एवढेच पाहावे. फाटली असेल तर सांधा काही दिवसांचाच सोबती आहे. रॅकच्या रबरी पिशवीला हेच लागू पडते. तिला नखाएवढी चीर गेली तरी आत वाळू जाते आणि साधी पिशवी बदलण्याऐवजी सबंध रॅक बदलण्याची पाळी येते. सर्व्हिस स्टेशनवर जोराच्या पाण्याचा फवारा या रबरांवर रोखून मारू देऊ नये. गाडी स्वच्छ होते, आणि पाणी आत शिरते.

हे निरीक्षण वर्षातून निदान दोनदा, एकदा मृगापूर्वी व एकदा दिवाळीनंतर व्हावे. कोकणातील गावांनी गणपतीनंतर मुंबईस परत निघणाऱ्या गाड्यांसाठीही ते करावे. वाडीतील जाणत्या माणसाने पाहुण्याच्या गाडीखाली वाकून पाहिले तर त्यात त्याचा अपमान नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या मालकीची गाडी आहे, तेथे नोंदवहीत डिझेलच्या रकान्याशेजारी सांध्यांचा एक रकाना वाढवावा आणि पाहणाऱ्याने तारखेसह सही करावी. सांध्याच्या खाचांच्या नटातून जाणारी स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. भोक जुळत नसेल तर नट किंचित अधिक आवळून पुढच्या खाचेत जुळवावा, सैल करून जुळवू नये. आणि काढलेली जुनी पिन पुन्हा वापरण्यासाठी खिशात न ठेवता तेथेच मोडून टाकावी.